पाटाचं पाणी आणि राजाचं मन

नगरची_लेक

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या बहिणीचा मुलगा तीन वर्षांपूर्वी रात्रपाळीहून मोटरसायकलवर घरी येताना गेला. चोवीस वर्षांचा होता. ज्या गाडीने उडवलं ती चालवणारा मुलगा आमच्या भागातल्या वजनदार घरातला. दोन साक्षीदार होते, दोघेही कोर्टात फिरले. गेल्या महिन्यात निकाल लागला, पुराव्याअभावी निर्दोष. बहीण कोर्टाच्या पायरीवर बसली ती उठेचना.

पुढच्या रविवारी उपासनेत नेमका रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचला गेला, देवापासून नाही असा अधिकारच नाही. त्याला जोडून नीतिसूत्रे २१ चं पहिलं वचन : राजाचं मन परमेश्वराच्या हाती पाटाच्या पाण्यासारखं आहे, तो त्याला वाटेल तिकडे वळवतो. उपासना झाल्यावर बायका बहिणीला भेटायला आल्या. मायेनेच आल्या. आणि एकीमागून एक म्हणाल्या, "देवाची इच्छा, ताई. त्याच्या इच्छेवाचून पान हलत नाही."

घरी आल्यावर बहीण मला म्हणाली, "मग त्या पोराने पिऊन गाडी दामटली ती देवाची इच्छा? साक्षीदार फोडले तीही देवाचीच?"

मला बोलता आलं नाही. माझी आजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली अनाथ मुलगी. देव सिंहासनावर आहे हे मी तिच्या मांडीवर शिकले, आणि ते मला सोडायचं नाहीये. ते सोडलं तर माझ्याजवळ काही उरत नाही. पण ते धरून ठेवायचं म्हणजे अन्यायापुढे मान तुकवायची का? अपील करावं असं मला वाटतं. मंडळीतले काही जण सुचवतात की ते देवावर सोडावं, अपील म्हणजे अविश्वास. तुम्हाला काय वाटतं?

दारं_धरणारा

ताई, वाचलं आणि घास खाली उतरेना.

मी शास्त्र फार जाणत नाही. पाण्याचं जाणतो, तेवढं सांगतो. मुळेच्या कालव्याला आवर्तन सुटलं की आम्ही रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. पाण्याचा स्वभाव उताराकडे पळायचा. माझ्या उसाशी त्याला काही घेणंदेणं नाही. मी फावड्याने एक दारं फोडतो, दुसरं मातीने बांधतो, आणि पाणी माझ्या सरीत येतं. येताना त्यात गाळ असतो. वरच्या अंगाला कुणी मेलेलं कुत्रं टाकलेलं असतं. ती घाण मी टाकलेली नाही, आणि टाकणाऱ्याला मी सोडतही नाही, पाटकऱ्याकडे तक्रार करतो. तरी पीक भिजतंच.

ते वचन मी लहानपणापासून असंच ऐकत आलोय. राजाचा उतार राजाचा. फावडं देवाचं.

मिरजेची_सिस्टर

दारं_धरणारा दादा, आमच्याकडे याला बारं देणं म्हणतात. माझे वडीलही रात्रीचे जायचे. किती वर्षांनी हे आठवलं.

नगरची_लेक ताई, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. आज तिच्यासाठी प्रार्थना करते आहे.

तर्कट

ताई, मी नास्तिक आहे, म्हणून इथे लिहावं की नाही अशा विचारात होतो. भाच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं.

शेतकरीदादांचा दाखला सुंदर आहे, पण मला अर्धाच पटतो. शेतकऱ्याने कालवा खणलेला नसतो, जमिनीला उतारही दिलेला नसतो. तुम्ही तर मानता की तेही देवाचंच काम. मग जो थांबवू शकत होता आणि थांबला नाही, त्याला काय म्हणायचं? हा प्रश्न एपिक्युरसच्या नावावर सांगतात. पण तुमच्या बहिणीने तो कुठलंही पुस्तक न वाचता विचारला, आणि जास्त नेमका विचारला. तिला गप्प करू नका एवढीच विनंती.

निवृत्त_पाळक

तर्कट, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तुमचा प्रश्न आमच्या पवित्र शास्त्रातच आहे. हबक्कूक नावाचा संदेष्टा आहे, अवघे तीन अध्याय. पहिल्याच ओळीत तो ओरडतो की परमेश्वरा, मी किती वेळ हाका मारू आणि तू ऐकणार नाहीस? उत्तर येतं की मी खास्द्यांना उठवतोय. म्हणजे बाबेलचं सैन्य, त्या काळातलं सगळ्यात क्रूर. हबक्कूक ते निमूट स्वीकारत नाही. तो म्हणतो, तुझे डोळे इतके पवित्र की तुला दुष्टपणा पाहवत नाही, मग त्या लोकांकडे तू पाहतोस तरी कसा? आणि तो बुरुजावर उभा राहतो, काय उत्तर येतं ते बघायला. देवाने त्याला रागावून गप्प बसवलं नाही. त्याची तक्रार शास्त्रात ठेवली.

आता ताईंचं. मी चाळीस वर्षं दफनविधी केले. "देवाची इच्छा" हे शब्द मीही कितीदा वापरले. निवृत्त झाल्यावर त्यातल्या दोन घरी जाऊन मी क्षमा मागून आलो. एका बाईचं लेकरू उघड्या विहिरीत पडून गेलं होतं. विहिरीला कठडा बांधायचा पैसा मंजूर होऊन खाल्ला गेला होता, आणि मी त्याला देवाची इच्छा म्हणालो. मी देवाच्या नावावर दुसऱ्याचं पाप लिहिलं.

शास्त्र तसं करत नाही. यशयाच्या दहाव्या अध्यायात परमेश्वर अश्शूरला आपल्या क्रोधाची काठी म्हणतो, आणि त्याच अध्यायात त्याच अश्शूरला त्याच्या उन्मत्तपणाबद्दल शिक्षा सांगतो. कुऱ्हाडीने तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारावी काय, असं विचारतो. काठी हातात घेतली म्हणून काठी निर्दोष ठरली नाही. योहान १९ मध्ये प्रभू येशू त्याचा निकाल करणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताला सांगतो की तुला वरून दिलेला नसता तर माझ्यावर तुझा काहीच अधिकार चालला नसता. आपण इथेच थांबतो. पुढचं वाक्य वाचत नाही. ज्याने मला तुझ्या हाती दिलं त्याचं पाप अधिक आहे, असं तो म्हणतो. एकाच श्वासात सत्ता देवाची आणि पाप माणसाचं. जगातला सगळ्यात मोठा अन्यायाचा निकाल देवाने तारणासाठी वापरला, आणि तरी तो निकाल अन्यायाचाच राहिला.

असं का, हे मला विचारू नका, तर्कट. मला माहीत नाही. मला इतकंच माहीत आहे की लाजराच्या कबरेपाशी प्रभूला पुढच्या घटकेला तो उठणार हे ठाऊक होतं, तरी तो रडला.

आणि अपील! पौलानेच रोमकरांस पत्र लिहिलं ना? त्याच पौलाला फिलिप्पैत चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायचं ठरवलं, तर तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. पुढे रोमी सुभेदार फेस्तासमोर त्याने सरळ कैसराजवळ, म्हणजे रोमच्या बादशहाजवळ, न्याय मागितला. तेरावा अध्याय लिहिणारा माणूस अपिलात गेलेला माणूस आहे.

पापडीकर

पाळकसाहेब, हे वाचून ऊर भरून आला. मी कॅथलिक, वसईचा. आमच्या मातीतला एक माणूस सांगतो, कारण इथे तो यायलाच हवा.

संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात वसईत जन्मले, आईकडून इथलेच म्हणतात. जपानला गेले, तिथली भाषा शिकले, मग व्यापार केला आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. जपानी येत होती म्हणून दुभाषी होऊन पुन्हा जपानला गेले. तिथे सत्ता तोयोतोमी हिदेयोशीची. १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज किनाऱ्याला लागलं, त्यावरून संशय वाढला आणि त्याने क्योतो-ओसाकातले ख्रिस्ती पकडायला लावले. कानाचा तुकडा कापून, ऐन हिवाळ्यात, त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. त्यातले वीस जपानी. एक मुलगा बारा वर्षांचा.

दुसऱ्या वर्षी हिदेयोशी स्वतः गेला. त्याचं राज्यही त्याच्या घरात टिकलं नाही. आमच्या घरात आजी हे सांगायची आणि म्हणायची, राजे येतात नि जातात. वसईवाल्याला ते वेगळं शिकवावं लागत नाही. १५३४ ला पोर्तुगीज आले, १७३९ ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, मग इंग्रज, मग आपलं राज्य. प्रार्थनेची माळ तीच राहिली.

जुनं_पुस्तक

पापडीकर, आदर राखून एक मतभेद. "राजे येतात नि जातात" यात एक धोका आहे. हिदेयोशी गेला, पण त्याच्यानंतरच्यांनी १६१४ मध्ये सगळ्या देशात बंदी घातली. नंतर ख्रिस्ताचं चित्र पायाखाली तुडवायला लावायचे, न तुडवणाऱ्याचा छळ. हुतात्म्यांच्या रक्तातून मंडळी उगवते असं आपण म्हणतो. तिथे अडीचशे वर्षं काही उगवलेलं दिसलं नाही.

तोक्योतली_मराठी

दिसलं नाही हे खरं. होतं मात्र.

गेल्या वर्षी मी नागासाकीला गेले होते. निशिझाकाला सव्वीस जणांचं शिल्प आहे, त्यात आपल्या वसईचा माणूस शोधून काढला आणि एकटीच हात जोडून उभी राहिले. तिथून ओउरा चर्चला गेले. १८६५ च्या मार्चमध्ये, चर्च नुकतंच उभं राहिलं असताना, उराकामी गावातली काही साधी माणसं तिथल्या फ्रेंच पाद्रींजवळ आली. एका बाईने हळूच सांगितलं की आमचं सगळ्यांचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? सात पिढ्या, एकही धर्मगुरू नाही, घरातल्या घरात बाप्तिस्मा देत आणि प्रार्थना तोंडी जपत ते राहिले होते. बंदी तेव्हाही उठलेली नव्हती. उघड झाल्यावर त्यांच्यातल्या तीन हजारांहून जास्त लोकांना गाव सोडायला लावून हद्दपार केलं. १८७३ मध्ये परत येऊ दिलं. परत येऊन त्यांनी मोठं कॅथेड्रल बांधलं, त्याला कित्येक वर्षं लागली.

आणि ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब त्याच उराकामीवर पडला. तिथल्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० च्या आसपास गेले. टाकणारा देशही ख्रिस्ती म्हणवणारा.

मला सगळ्यात जड गेलं ते पुढचं. ताकाशी नागाई नावाचे डॉक्टर होते, कॅथलिक. बायको बॉम्बमध्ये गेली, स्वतःला रक्ताचा कर्करोग. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पडक्या कॅथेड्रलपाशी मृतांसाठी मिस्सा झाली, तिथे ते म्हणाले की हे देवाच्या योजनेतलं आहे, उराकामी युद्धाच्या पापासाठी वाहिलेलं निर्दोष कोकरू आहे. कितीतरी लोकांना त्यातून जगण्याचं बळ मिळालं. कितीतरी जणांना राग आला, आजही येतो. देवाची योजना म्हटलं की बॉम्ब टाकणारा सुटला आणि युद्ध लादणारेही सुटले, असं ते म्हणतात. मला दोन्ही बाजू कळतात. ज्याने बायकोची हाडं राखेतून वेचली त्याने ते म्हणणं वेगळं, आणि लांबून दुसऱ्या कुणी त्याला सांगणं वेगळं.

नगरची_लेक, तुझ्या मंडळीतल्या बायकांची चूक मला इथे वाटते. ते वाक्य कधी बोलायचं असेल तर ते तुझ्या बहिणीचं आहे. तिच्या तोंडून आलं तरच.

इंद्रायणीकाठ

मी वारकरी घरातला. शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो.

आमच्याकडे 'ठेविले अनंते' चं असंच होतं. तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मुलगा गमावला, त्यानंतरचा हा माणूस. आज सावकार ते कर्जदाराला ऐकवतो. शब्द तेच, तोंड बदललं की अर्थ फिरतो.

योसेफ_आवडता

इंद्रायणीकाठ यांच्यावरून योसेफ आठवला. भावांनी विहिरीत टाकलं, विकलं, मिसरात तुरुंगात सडला. शेवटी तो भावांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं, देवाने ते चांगल्यासाठी योजलं. हे योसेफ म्हणतो. भावांनी म्हटलं असतं तर?

मिरजेची_सिस्टर

बापरे. हे कधी असं डोक्यात आलं नव्हतं.

जुनं_पुस्तक

तोक्योतली_मराठी ताई, तुमच्यापुढे माझं विधान मी मागे घेतो. पण रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचं थोडं सांगायचंय, कारण तो अध्याय फार वापरला गेलाय.

१९३३ नंतर जर्मनीत प्रोटेस्टंट मंडळीचा एक मोठा गट हिटलरमध्ये देवाचा हात बघू लागला. यहुदी वंशाच्या पाळकांना काढा म्हणू लागला. त्याविरुद्ध मे १९३४ मध्ये बार्मेन गावी जी मंडळी जमली त्यांनी सहा कलमांचं जाहीरपत्र काढलं, बरंचसं कार्ल बार्ट या धर्मपंडितांनी लिहिलेलं. गाभा असा की आम्ही ऐकायचा आणि भरवसा ठेवायचा तो येशू ख्रिस्त हा देवाचा एकच शब्द. राज्याला न्याय आणि शांती राखायचं काम देवाने दिलंय, पण माणसाच्या सगळ्या जगण्याचा ताबा दिलेला नाही. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं : देव सर्वसत्ताधीश आहे, याच एका श्रद्धेवर ते हिटलरपुढे उभे राहिले. समोरचे लोकही देवाची सत्ता याच शब्दांनी हिटलरपुढे वाकत होते. वचनं तीच होती. फरक इतकाच की एका बाजूने सिंहासनावर कोण बसलाय हे नीट पाहिलं.

तरी बार्मेनच्या त्या पत्रात यहुदी लोकांसाठी शब्द नव्हता. बार्ट यांनी पुढे म्हातारपणी ती आपली चूक म्हणून कबूल केली. हे लपवू नये.

दक्षिण आफ्रिकेतही तेच झालं. वर्णभेदाचं सरकार रोमकरांस पत्राचा तोच अध्याय दाखवायचं. १९८५ मध्ये तिथल्या ख्रिस्ती लोकांनी कैरोस नावाचं निवेदन काढून सरळ सांगितलं की हा त्या वचनाचा गैरवापर आहे.

पापडीकर

आणि प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय? तिथे सत्ता समुद्रातून वर येणारं श्वापद आहे. दोन्ही तेरावेच. लहानपणी आमचे फादर म्हणायचे, दोन्ही वाचल्याशिवाय जेवायचं नाही.

संडे_स्कूल_१९८८

आम्हाला दानीएल शिकवताना टीचर प्रत्येकाला उभं करून 'नबुखद्नेस्सर' हे बाबेलच्या राजाचं नाव म्हणायला लावायच्या. ज्याला जमलं त्याला गोळी. मला सहावीपर्यंत गोळी मिळाली नाही.

पण ती गोष्ट इथे हवीच. शद्रख, मेशख, अबेदनगो त्या राजाला म्हणतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीच्या पाया पडणार नाही. "नाही सोडवलं तरी" हे दोनतीन शब्द मला मोठेपणी कळले, आई आजारी असताना. सोडवलं नाही. तरी.

तर्कट

संडे_स्कूल, हे "तरी" मला समजतं. पटत नाही, पण समजतं. माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही आणि पाळकसाहेबांनी ते मिळालंय असं भासवलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी धार्मिक माणूस मला "माहीत नाही" म्हणाला.

केडगाव_लाइन

ताई, तुमची आजी मुक्तीतली म्हणालात म्हणून लिहितो. पंडिता रमाबाईंनी आईवडील आणि बहीण गमावले ते भुकेने आणि वणवणीत. त्या बाईला देवाच्या सत्तेवर विश्वास ठेवणं सोपं नसणार. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मुली घेऊन आल्या. तेव्हाच पुण्यात प्लेग आला. सरकारी प्लेगच्या दवाखान्यात बायकांची काय दशा होते याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. राज्य इंग्रजांचं, राजाचा धर्म त्यांचाच धर्म, मदत करणारे कितीतरी मित्र इंग्रज. तरी लिहिलं. गव्हर्नरला ते झोंबलं, गोष्ट पार्लमेंटपर्यंत पोचली.

आयुष्याच्या अखेरीस त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करत होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

तुमची आजी ज्या घरात देवाला सिंहासनावर बसलेला मानायला शिकली, त्या घराच्या बाईने सरकारला जाब विचारला होता. दोन्ही एकाच हातांनी.

वकील_कोल्हापूर

विश्वासाचं इतरांनी लिहिलंय, मी कामाचं लिहितो. निर्दोष सुटकेविरुद्ध पीडिताला आणि त्याच्या वारसांना स्वतः अपील करता येतं, सरकार करेल म्हणून थांबायची गरज नाही. २००९ अखेरपासून ही तरतूद आहे, नव्या कायद्यातही कायम आहे. शिक्षा झाली असती तर त्याविरुद्ध जिथे अपील गेलं असतं त्याच कोर्टात हे चालतं. निकालाच्या नकलेचा अर्ज अजून केला नसेल तर उद्याच करा, मुदत मोजली जाते. साक्षीदार फिरल्यावर अपील अवघड असतं हेही बहिणीला आधीच सांगा. खोटी आशा देऊ नका.

निवृत्त_पाळक

वकीलसाहेबांचं वाचून लूकचा अठरावा अध्याय आठवला. प्रभूने प्रार्थना कशी करावी हे शिकवायला कुणाचा दाखला घेतला? देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाच्या दारात पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेचा. कोर्टात चकरा मारणारी बाई. ताई, तुमच्या मंडळीत हे कुणीतरी वाचा.

नगरची_लेक

चार दिवस लिहिलं नाही, माफ करा. सगळं छापून बहिणीकडे नेलं होतं. तिने आधी शेतकरीदादांचं वाचलं, मग त्या जपानी बायांचं दोनदा. डॉक्टर नागाईंचं वाचून कागद खाली ठेवला. म्हणाली, "मी हे म्हणू शकत नाही. म्हणणार पण नाही." मी म्हटलं, नको म्हणूस. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "पण तो बघत होता ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग साक्षीदार दोन नव्हते. तीन होते. एक अजून फिरलेला नाही."

आम्ही दोघी त्यानंतर खूप रडलो.

काल नकलेचा अर्ज दिला. ज्या बाईने पहिल्यांदा "देवाची इच्छा" म्हटलं होतं तीच बरोबर आली, दिवसभर रांगेत उभी राहिली, डबा घेऊन आली होती. तिला मी काही बोलले नाही. रविवारी लूक १८ वाचायला आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी होकार दिलाय.

तर्कट, बहिणीने तुमच्यासाठी निरोप दिलाय : तिला गप्प करू नका म्हणालात, ते तिला लागलं. थँक्यू म्हणाली.

दारं_धरणारा

ताई, अपिलाची तारीख पडली की कळवा. राहुरीहून नगर लांब नाही. पाळी नसेल त्या दिवशी मी येऊन बसतो.